मेंदूच्या लहरींवर गाडी चालवायची? मग गाडीला हात सगळ्यात शेवटी लावा

डिप्लोमाच्या एका प्रोजेक्ट परीक्षेत मी मागच्या बाकावर बसलो होतो. समोर 'माइंड कंट्रोल्ड कार'. मुलाच्या कपाळावर पट्टा, टेबलावर गाडी, गाडी पुढे-मागे पळतेय. एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरून आलेले परीक्षक, दोन मिनिटे बघत राहिले, मग शांतपणे म्हणाले, "बाळ, तो पट्टा काढून टेबलावर ठेव बरं." ठेवला. गाडी पळतच राहिली.

मुलगा फसवत नव्हता. त्याला खरेच वाटत होते की गाडी त्याच्या मेंदूवर चालतेय. प्रत्यक्षात ती भिंतीतल्या वायरिंगमधून येणाऱ्या ५० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ५० लाटांच्या, विजेच्या गुणगुणीवर चालत होती. दरवर्षी असे दोन-तीन प्रोजेक्ट दिसतात आणि चूक एकच असते: आधी गाडी जोडतात, मग सिग्नल शोधत बसतात. या लेखातला क्रम बरोबर उलटा आहे.

## टप्पा १: काय बांधायचे ते कागदावर ठरवा

एका चॅनेलवर, म्हणजे डोक्यावरून घेतलेल्या एकाच सिग्नलवर, 'पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे' असा विचार ओळखता येत नाही. ज्यांनी तसे करून दाखवले, त्यांची गाडी बहुतेक वेळा पापण्यांवर किंवा जबड्यावर चालते. पापणीवर चालणारा प्रोजेक्टही चांगला असू शकतो, फक्त त्याला मेंदूचा प्रोजेक्ट म्हणू नका.

एका चॅनेलवर भरवशाने पकडता येणारी मेंदूची गोष्ट म्हणजे अल्फा लहर. डोळे मिटून निवांत बसले की डोक्याच्या मागच्या भागात ८ ते १३ हर्ट्झची लहर वाढते, डोळे उघडले की दबते. म्हणजे आपल्याकडे एक बटण आहे: मिटले तर चालू, उघडले तर बंद.

एका बटणावर गाडी कुठेही नेता येते. डोळे उघडे असताना गाडी जागेवर हळूहळू गोल फिरत राहते. हवी ती दिशा आली की डोळे मिटायचे, गाडी सरळ जाते. डोळे मिटून गाडी चालवायची म्हणजे चालकाला गाडी दिसत नाही, ही गंमत आहेच. म्हणून सरळ धाव ३ सेकंदांची ठेवा आणि ती सुरू होताना बझर वाजू द्या.

'एकाग्रता ० ते १००' असा आकडा देणारे तयार हेडबँड मिळतात. ते मी सुचवत नाही. आकडा कसा निघाला ते कंपनीच्या चिपमध्ये बंद असते आणि व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, नेमके तेच विचारतात.

तपासणी: प्रोजेक्टचे एका वाक्यातले वर्णन लिहा. त्यात 'विचाराने' हा शब्द आला असेल तर खोडा. 'डोळे मिटल्यावर वाढणाऱ्या अल्फा लहरीने' असे लिहा.

## टप्पा २: सामान

डोक्याकडच्या बाजूला: बायोअँप ईएक्सजी पिलसारखा एका चॅनेलचा बायोपोटेन्शियल अँप्लिफायर (शरीरातले सूक्ष्म विद्युत सिग्नल मोठे करणारा बोर्ड), आर्डुइनो उनो (प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड), तीन कप इलेक्ट्रोड (सोन्याचा मुलामा दिलेल्या छोट्या वाट्या), ईईजीची, म्हणजे मेंदूच्या लहरी मोजताना वापरायची, कंडक्टिव्ह पेस्ट, कापडी हेडबँड, मोजपट्टी, शेपटीचा कंगवा.

गाडीकडे: दुसरा आर्डुइनो, एल२९८एन मोटर ड्रायव्हर, दोन बीओ मोटरींची (खेळण्यातल्या गाडीच्या पिवळ्या गिअर मोटरींची) चासी, १८६५०चे दोन लिथियम सेल होल्डरसकट, बझर. दोन्हींना जोडायला एचसी-०५ ब्लूटूथची जोडी.

आर्डुइनो दोन का? मोटर सुरू होताना सप्लायमध्ये मोठे धक्के बसतात आणि आपला सिग्नल मायक्रोव्होल्टमध्ये आहे. एकाच बोर्डावर दोन्ही आणले की गाडी स्वतःच्याच आवाजावर चालायला लागते.

इलेक्ट्रोड घेताना दुकानदार ईसीजीचे चिकटणारे स्टिकर पुढे करेल. पुण्यात पासोड्या विठोबाजवळ असो की मुंबईत लॅमिंग्टन रोडला, सहज मिळणारी वस्तू तीच. पण स्टिकर केसांवर चिकटत नाही आणि आपल्याला हवी असलेली जागा केसांतच आहे. एक कप आणि दोन स्टिकर असा जुगाडही नको. वेगवेगळ्या धातूंमध्ये डीसी फरक तयार होतो आणि रेषा सरकत राहते. तिन्ही इलेक्ट्रोड एकाच जातीचे घ्या.

## टप्पा ३: विजेची शिस्त

हा टप्पा वगळू नका, घाई असली तरी.

माणसाच्या डोक्याला जोडलेली कोणतीही वस्तू घरातल्या विजेशी जोडलेली नसावी. उनो लॅपटॉपवर चालत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढलेला हवा. तोंडी सगळ्यांना हे माहीत असते. घोळ होतो प्रदर्शनाच्या दिवशी: आलेख मोठा दिसावा म्हणून कुणीतरी लॅपटॉपला प्रोजेक्टरची केबल लावतो. प्रोजेक्टर भिंतीतल्या सॉकेटवर असतो, म्हणजे डोके पुन्हा मेन्सला जोडले गेले. लॅबमधला ऑसिलोस्कोप आणि बेंच सप्लाय यांचेही तेच.

पॉवर बँक वापरत असाल तर आधी अर्धा तास चालवून पाहा. उनो फार थोडा करंट घेतो, त्यामुळे काही पॉवर बँका 'काही जोडलेच नाही' असे समजून आपोआप बंद होतात.

सावधान: फिटचा त्रास असलेल्या किंवा डोक्याच्या त्वचेवर जखम असलेल्या व्यक्तीवर प्रयोग नको. आपण डोक्यातून सिग्नल फक्त घेतो. डोक्यात करंट सोडणारे सर्किट इंटरनेटवर दिसले तरी त्याच्या वाटेला जाऊ नका.

## टप्पा ४: डोके तयार करणे

माझ्या अनुभवात निम्मे प्रोजेक्ट इथे मरतात, आणि मुले मात्र कोडमध्ये चूक शोधत बसतात.

आदल्या रात्री केस शांपूने धुवा. खोबरेल तेल नाही, कंडिशनर नाही, जेल नाही. एकदा तीन तास सिग्नल शोधून थकल्यावर मुलाला विचारले, तेव्हा म्हणाला, "सर, परीक्षा म्हणून आईने डोक्याला तेल लावून दिलंय." केस धुऊन आला, वीस मिनिटांत अल्फा दिसला.

आता मोजमाप. दोन भुवयांच्या मधोमध नाकाच्या मुळाशी जो खळगा आहे, तिथून मोजपट्टी टाळूवरून मागे न्या. मानेच्या वर कवटीला एक हाडाचा उंचवटा हाताला लागतो, तिथपर्यंत मोजा. समजा ३६ सेंमी आले. त्याचा दहावा भाग, ३.६ सेंमी, उंचवट्यापासून वर जा आणि खूण करा. मग डोक्याचा घेर मोजा. समजा ५६ सेंमी. त्याचे ५ टक्के म्हणजे २.८ सेंमी. खुणेपासून तेवढे डावीकडे सरका. ही ओ१ जागा. अंदाजाने 'मागे कुठेतरी' लावू नका. खाली घसरलात तर मानेचे स्नायू पकडाल.

कंगव्याच्या शेपटीने तिथे भांग पाडा, त्वचा दिसली पाहिजे. कापसावर थोडे स्पिरिट घेऊन पुसा, वाळू द्या. कपात पेस्ट काठोकाठ, किंचित उंचवटा येईल इतकी भरा आणि त्वचेवर दाबा. वर कापसाचा छोटा तुकडा, त्यावर हेडबँड. पेस्ट ऐसपैस पसरवू नका, कपाएवढीच ठेवा.

जोडणी अशी: अँप्लिफायरचा इन-प्लस ओ१ला, इन-मायनस उजव्या कानामागच्या हाडावर, रेफ डाव्या कानामागच्या हाडावर. कानामागे केस नसतात. कप पेस्ट लावून कागदी मेडिकल टेपने बसवा. तिन्ही वायरी वेणीसारख्या एकत्र पिळा आणि शर्टाच्या कॉलरला टेपने अडकवा, म्हणजे मान हलली तरी कप ओढला जाणार नाही.

सावधान: संपर्क चांगला आहे का हे बघायला मल्टीमीटरचा ओहम रेंज इलेक्ट्रोडवर लावू नका. मल्टीमीटर डीसी करंट सोडतो. तो डोक्यातून जातो, इलेक्ट्रोड बिघडवतो आणि आकडाही चुकीचा देतो. संपर्काची परीक्षा पुढच्या टप्प्यात सिग्नल पाहूनच करायची.

## टप्पा ५: कच्चा सिग्नल

अजून फिल्टर नाही, गाडी नाही. अँप्लिफायरची आउट पिन उनोच्या ए० पिनला, ५ व्होल्ट आणि ग्राउंड उनोवरूनच.

सेकंदाला २५० नमुने घ्या. २५० का? दर ४,००० मायक्रोसेकंदांनी एक नमुना, हिशोब पूर्णांकात बसतो. लूपमध्ये डिले ४ टाकून हे साधत नाही. वाचायला आणि छापायला लागणारा वेळ त्या ४ मिलिसेकंदांवर चढतो आणि खरा वेग २५०च्या खाली जातो. मायक्रोज फंक्शनने वेळ तपासून नमुना घ्या.

सिरियलचा वेग १,१५,२०० ठेवा. ९,६०० वर सेकंदाला ९६० अक्षरे जातात. आपला प्रत्येक आकडा तीन अंकी, वर ओळ संपवणारी दोन अक्षरे; २५० आकड्यांची १,२५० अक्षरे होतात. ती मावत नाहीत, कोड अडून बसतो, नमुन्यांमधले अंतर बिघडते आणि पुढचे सगळे फिल्टर खोटे पडतात.

आणखी एक खड्डा. आर्डुइनोच्या नव्या आयडीई २ (कोड लिहायचे सॉफ्टवेअर) मधला सिरियल प्लॉटर, म्हणजे आलेख काढणारी खिडकी, एका वेळी ५० बिंदूच दाखवतो. आपल्या वेगाने ते सेकंदाचा पाचवा भाग. त्यात अल्फाच्या जेमतेम दोन लाटा मावतात आणि काही कळत नाही. जुन्या १.८ आयडीईत ५०० बिंदू, म्हणजे २ सेकंद दिसतात. सिग्नल बघायला जुनी आयडीईच वापरा.

आता क्रमाने बघा:

१. रेषा ५१२च्या आसपास हेलकावत असावी. ० किंवा १,०२३ला चिकटली असेल तर एखादा कप सुटलाय. बहुतेक वेळा रेफ.

२. रेषेऐवजी जाड पट्टा दिसत असेल तर तो ५० हर्ट्झ. चार्जर काढा, एक्स्टेंशन बोर्डपासून दूर व्हा, ट्यूबलाइट बंद करा. तरी जात नसेल तर कप पुन्हा बसवा. सॉफ्टवेअरमध्ये नॉच फिल्टर (फक्त ५० हर्ट्झ गाळणारा) टाकून हा पट्टा लपवण्याचा मोह होतो. खराब संपर्क तसाच राहतो, फक्त दिसेनासा होतो.

३. दात आवळा. रेषेला दाट केस फुटल्यासारखे दिसेल. हे स्नायू. हे चित्र नीट लक्षात ठेवा.

४. जबडा सैल, खांदे खाली, मान सरळ. डोळे मिटा, दहा सेकंद. सोबत्याने पडदा बघायचा. गोलसर, जवळजवळ सारख्या लाटांची माळ दिसली पाहिजे. एका सेकंदात ८ ते १३ लाटा मोजा. डोळे उघडले की माळ विरली पाहिजे.

लाटा लहान दिसतात म्हणून घाबरू नका. डोक्यावर २० मायक्रोव्होल्ट आणि अँप्लिफायर समजा ५,००० पट, तर ०.१ व्होल्ट. उनोची एक पायरी सुमारे ४.९ मिलिव्होल्टची, म्हणजे फक्त २० पायऱ्या.

तपासणी: डोळे दहा वेळा मिटा-उघडा. किमान आठ वेळा सोबत्याला नुसत्या आलेखावरून, तुमच्याकडे न बघता, 'मिटले' की 'उघडले' हे सांगता आले पाहिजे. जमत नसेल तर पुढे जाऊ नका. काही जणांचा अल्फा मुळातच दबका असतो, म्हणून गटातल्या दोघा-तिघांवर पाहून 'चालक' ठरवा. गटप्रमुखच चालक असला पाहिजे असा नियम कुठे नाही.

## टप्पा ६: लहरीवरून निर्णय

दोन बँडपास फिल्टर, म्हणजे ठरावीक पट्ट्यातल्याच लहरी पुढे सोडणारे, लागतात. एक ८ ते १३ हर्ट्झ, हा अल्फा. दुसरा १८ ते ३० हर्ट्झ, हा पहारेकरी. पायथनमधल्या सायपाय लायब्ररीने बटरवर्थ जातीच्या फिल्टरचे गुणांक (फिल्टर ठरवणारे आकडे) काढा आणि कोडमध्ये टाका. सगळ्यात जास्त होणारी चूक: दुसऱ्या कुणाच्या कोडमधले गुणांक उचलायचे आणि नमुन्यांचा वेग आपला ठेवायचा. २५६ साठी काढलेला फिल्टर २५० वर थोडा सरकतो, ५०० साठी काढलेला फिल्टर २५० वर भलतेच बघतो. वेग बदलला की गुणांक नव्याने.

दोन्ही फिल्टरमधून आलेला आकडा वर्ग करा आणि सरासरी घ्या. एका सेकंदाची सरासरी म्हणून २५० आकड्यांची यादी ठेवाल तर फ्लोटमध्ये ती १,००० बाइट खाते, आणि उनोकडे एकूण रॅम २ केबी. दोन फिल्टरांच्या दोन याद्या म्हणजे बोर्ड मध्येच रीसेट होणार. त्याऐवजी चालती सरासरी: जुन्या आकड्यात, नवा वजा जुना यांच्या ०.००८ पट मिसळा. यादी लागत नाही आणि परिणाम साधारण अर्ध्या सेकंदाच्या आठवणीसारखा मिळतो.

मग अल्फाला पहारेकऱ्याने भागा. निर्णय या भागाकारावर घ्यायचा, नुसत्या अल्फावर नाही. दात आवळले की स्नायूंचा आवाज ८ ते १३ मध्येही शिरतो, पण १८ ते ३० मध्ये त्याहून जास्त. भागाकार खाली येतो, गाडी सरळ धावत नाही. नुसत्या अल्फावर सोडलेली गाडी चणे खाल्ले तरी पळते.

सोबत एक साधी अट: कच्चा आकडा ५० च्या खाली किंवा ९७० च्या वर गेला की पुढची दोन सेकंद 'थांब'. कप सुटला, कुणी वायर ओढली, सगळे यात सापडते.

## टप्पा ७: उंबरठा (चालू-बंद ठरवणारा आकडा) त्या दिवशी, त्या डोक्यावर

३० सेकंद डोळे उघडे, ३० सेकंद मिटलेले, असे तीनदा. भागाकाराची सरासरी लिहून घ्या. समजा उघडे असताना २ आणि मिटल्यावर ६ आले. मध्ये ४ वर एकच रेघ मारू नका, आकडा ३.९ आणि ४.१ मध्ये नाचेल आणि गाडी उचक्या देईल. दोन रेघा मारा: ४.५ च्या वर गेल्यावर चालू, ३ च्या खाली आल्यावर बंद. शिवाय 'चालू' आकडा सलग एक सेकंद टिकला तरच मानायचा.

एवढ्याने डोळे मिटल्यापासून गाडी सरळ निघेपर्यंत दोनेक सेकंद जातात. मुलांना हा उशीर खटकतो आणि ती अटी काढून टाकतात. काढू नका. उशिरा चालणारी गाडी व्हायवात समजावून सांगता येते, उगाच चालणारी नाही.

कालचा उंबरठा आज चालत नाही. पेस्ट, झोप, जागा, सगळे बदललेले असते. मोजणीसाठी बोर्डावर एक बटणच ठेवा.

तपासणी: मोटरऐवजी उनोच्या १३ नंबरच्या एलईडीवर निकाल दाखवा. वीस वेळा सोबत्याच्या सांगण्यावरून डोळे मिटा-उघडा. बरोबर किती, चूक किती, वहीत लिहा. ही वही रिपोर्टमध्ये जाते.

## टप्पा ८: गाडी

आता गाडी. हे तुम्हाला येते, म्हणून जिथे अडखळतात तेवढेच सांगतो.

९ व्होल्टची चौकोनी बॅटरी मोटरला लावू नका. मोटर सुटताना लागणारा करंट ती देऊ शकत नाही. व्होल्टेज कोसळते आणि आर्डुइनो रीसेट होतो. दोन १८६५० मालिकेत ७.४ व्होल्ट देतात, एल२९८एन स्वतः साधारण २ व्होल्ट खातो, उरलेले बीओ मोटरला पुरतात. ड्रायव्हरचा आणि आर्डुइनोचा ग्राउंड एकत्र हवा. प्रत्येक मोटरच्या दोन टोकांवर १०४ नंबरचा सिरॅमिक कपॅसिटर सोल्डर करा.

एचसी-०५ची जोडी लावताना एकाला मास्टर करायचे: बटण दाबून धरून सप्लाय द्या, दिवा सावकाश लुकलुकला की एटी मोड (मॉड्यूलला हुकूम देऊन सेटिंग बदलायची अवस्था), वेग ३८,४००. दुसऱ्याचा पत्ता बांधताना पत्त्यातल्या अपूर्णविरामांच्या जागी स्वल्पविराम द्या; इथे तासन्‌तास जातात. मॉड्यूलची आरएक्स पिन ३.३ व्होल्टची असते. आर्डुइनोच्या टीएक्सकडून १ किलोओहम, आरएक्सपासून ग्राउंडला २ किलोओहम, असा विभाजक लावा.

ब्लूटूथवर दर सेकंदाला दहा वेळा एकच अक्षर पाठवा, १ किंवा ०. ९,६०० वेगाने एका अक्षराला सुमारे १ मिलिसेकंद लागते, ते आपल्या ४ च्या आत बसते. 'अल्फा = ५.२' अशी वाक्ये पाठवाल तर नमुने चुकतील.

सावधान: अर्धा सेकंद एकही अक्षर आले नाही तर गाडीने आपोआप थांबायचे. हा कोड गाडीच्या बाजूला हवा. नाहीतर ब्लूटूथ तुटल्यावर गाडी शेवटचा हुकूम पाळत टेबलावरून खाली जाते.

## टप्पा ९: एक्स्टर्नलच्या आधी आपणच परीक्षा घ्या

चार चाचण्या, याच क्रमाने.

पहिली, टेबल: इलेक्ट्रोड डोक्यावरून काढून टेबलावर ठेवा. गाडी सरळ धावता कामा नये.

दुसरी, दुधी. थट्टा नाही. एका दुधीला मिठाचे पाणी लावून तिन्ही कप पेस्टने बसवा. संपर्क चांगला, मेंदू शून्य. पाच मिनिटांत गाडी एकदाही सरळ धावली तर तुमचा प्रोजेक्ट खोलीतला आवाज मोजतोय. टप्पा ५ ला परत.

तिसरी, जबडा: डोळे उघडे ठेवून दात आवळा, बोला, मान वळवा, भराभर पापण्या मिटा. गाडी गोल फिरत राहिली पाहिजे.

चौथी, गाडी बंद आणि गाडी चालू असा फरक. मोटर फिरत असताना कच्ची रेषा जाड होत असेल तर गाडी चालकापासून आणखी दूर ठेवा, वायरी पुन्हा पिळा.

या चाचण्यांचे आकडे रिपोर्टमध्ये टाका, फसलेलेसुद्धा.

प्रदर्शनाच्या दिवशी चालकाला तासभर आधी बसवा, खुर्ची पाठीची पण डोके न टेकणारी. डोके टेकले की मागचा कप हलतो. रात्रभर जागून आलेला चालक नको: डोळे मिटल्यावर डुलकी लागायला लागली की अल्फा विरतो आणि गाडी सरळ जात नाही. पेस्ट सोबत ठेवा, तासा-दीड तासाने भरावी लागते. घरी आल्यावर कप कोमट पाण्यात भिजवून जुन्या मऊ टूथब्रशने धुवा. पेस्ट वाळून खडक झाली आणि सुईने खरवडली, की सोन्याचा मुलामा गेला आणि पुढच्या वर्षीच्या गटाला नवे इलेक्ट्रोड घ्यावे लागतात.